दोनशे बारावं घर

किसनराव सोनकांबळे रोज सकाळी चहाआधी अमेरिकेतली घरं मोजायचे. जिंतूरला माझ्या खोलीला लागूनच त्यांची खोली. पहिल्यांदा आत गेलो आणि हबकलोच! भिंतभर नकाशा, आणि हा सरकारी मोजणीदार दाभणाचं टोक एकेका काळ्या चौकोनावर टेकवतोय.

नकाशा सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीचा, मिसूरी नावाच्या मुलखातल्या खेड्यांचा. परभणीच्या रद्दीवाल्याकडून आणलेला. टेकड्यांच्या तपकिरी रेघा, निळा ओढा, निशाण लावलेली शाळा, आणि घर तिथं काळा चौकोन.

"पाटील, ह्ये बघा, गावापासून कोसभर लांब एकटंच घर. तरी काढलंय! लय इमानदार मोजणी."

ओढ्याला पूर आला तर आधी कुणाच्या घरात पाणी शिरेल, याची त्यांना खरोखरची काळजी. मी म्हणायचो, "अहो, ती माणसं केव्हाच मातीत गेली!" ते चिडायचे. "घर हाय ना? मग माणसं हायती." किसनराव आमच्याच गावचे, पण गावाचं नाव काढलं की विषय बदलायचे.

किती घरं, विचारलं की ठरलेलं उत्तर, "दोनशे अकरा. मोजल्याबिगर बोलत न्हाई मी." उभ्या नोकरीत या माणसाची मोजणी एकदाही चुकली नव्हती. त्यांची जिरवायचीच म्हणून एका रविवारी मी स्वतः मोजली. दोनशे बारा! पुन्हा मोजली. दोनशे बाराच!

"मोजणीदार, चुकलात!" मी ओरडलो.

त्यांनी दाभण खाली ठेवलं. "शाळेशेजारचं एक माझं हाय. म्या काढलंय, कचेरीच्या शाईनं."

मी हसलो. ते हसले नाहीत.

"अठ्ठ्याहत्तरला नामांतराच्या दंगलीत घर जाळलं. भरपाईला गेलो, तर तलाठी म्हणला, गावनकाशात तिथं वस्तीच न्हाई. जल्मभर लोकायच्या जमिनी मोजल्या, पाटील. माझं घर कुणी काढलं न्हाई."

तो धूर मी पाहिला होता. आमच्या माळवदावर घरातले सगळे उभे होतो, आणि खाली कुणीच उतरलं नाही. किसनरावांना हे ठाऊक होतं. तरी इतकी वर्षं मला चहा पाजत होते.

पुढच्या आठवड्यात कचेरीतला नवा कारकून त्यांच्याकडं आला. नकाशा बघून त्यानं विचारलं, "किती घरं हो ही?"

किसनरावांनी माझ्याकडं पाहिलं.

"दोनशे बारा," मी म्हणालो. "मोजलीत मी."

किसनराव पाठमोरे होऊन स्टोव्हला पंप मारत राहिले. स्टोव्ह केव्हाच पेटला होता.