हत्तीच्या सोंडेचा मोजा

एका जंगलात एक साळू राहत होती आणि तिला वेळ नव्हता.

साळू म्हणजे साळिंदर, पोरांनो. अंगभर काटे असतात ते. तुम्ही पाहिलं नसेल. तुम्ही काय पाहिलंय म्हणा. गप्प बसून ऐका.

या साळूला विणता यायचं. पाठीवरचे दोन काटे उपटायचे, त्यांच्याच सुया करायच्या आणि बसायचं. एक टाका उलटा, एक सुलटा. हात चांगला होता तिचा, खोटं कशाला बोलू. सगळं जंगल तिला साळूमावशी म्हणायचं आणि प्रत्येकाला तिच्या हातचं काहीतरी हवं असायचं. मावशी कुणालाच नाही म्हणत नसे. नाही म्हणायला हिंमत लागते. हो म्हणून चार ओळी विणायला काही लागत नाही.

माकडाच्या पोराचा स्वेटर वीतभर झाला की वटवाघळाची टोपी सुरू. टोपीचा काठ झाला की कासवाची शाल. हातातलं काम सुयांसकट ढोलीत टाकायचं आणि पुढच्या कामाला पाठीवरचे नवे दोन काटे उपटायचे. असं तिचं चालायचं. ढोली भरत गेली आणि पाठ रिकामी होत गेली.

त्या जंगलात एक रीत होती. हातानं केलेली वस्तू मागायची नसते, अशी. कधी होणार म्हणून विचारायचं नाही. जिच्याकडे काम दिलंय ती वाटेत भेटली तर मान लववून म्हणायचं, "सावकाश होऊ द्या, मावशी." मग मावशी म्हणणार, "हातचं काम आहे बाबा, त्यात जीव ओतावा लागतो." मग दोघांनी आपापल्या वाटेनं जायचं. असे लोक सुधारलेले म्हणवून घ्यायचे.

त्या वर्षी मावशीला फारच धावपळ होती. वाघाच्या भाच्याचं लग्न झालं, तिथं ती वरमाईशेजारी बसून होती. विणकामाच्या चार स्पर्धा झाल्या, तिथं ती परीक्षक होती. पावसाळाभर तिनं ससिणींना एका जागी बसवून वेळेचं नियोजन कसं करावं ते शिकवलं. श्वास घ्यायला फुरसत नाही, असं ती ज्याला त्याला थांबवून अर्धा अर्धा तास सांगायची.

याच पावसाळ्याच्या शेवटी तिच्याकडे गिरजा आली.

गिरजा मेंढी होती. मेंढी जंगलात कशी, असं विचारू नका. होती. तिला थंडीत पिल्लू होणार होतं. आदल्या वर्षीचं तिचं पिल्लू थंडीनंच गेलं होतं. म्हणून ती म्हणाली की माझीच लोकर घ्या, पण पिल्लासाठी एक बंडी विणून द्या. मावशी हो म्हणाली. उंदरांना बोलावलं, त्यांनी गिरजाची लोकर दातांनी कातरून काढली. पांढरीशुभ्र लोकर, चांगले तीन गुंडे झाले. मावशीनं त्यातले टाके घातले, चार ओळी विणल्या आणि बंडी ढोलीत टाकली.

आता बघा. मेंढीच्या अंगावर होती ती ऊब गेली, आणि पिल्लाच्या अंगावर येणार होती ती आली नाही. मध्ये विणकाम आलं.

थंडी सुरू झाली. गिरजाला कोकरू झालं. हे एवढंसं, काडीसारखे पाय. सकाळी धुकं पडलं की ते थरथरायला लागायचं. गिरजा त्याला पोटाशी घ्यायची, पण तिच्याच अंगावर बोटभर लोकर. दोघंही थरथरायची. ओढ्यावर मावशी भेटली की गिरजाच्या तोंडापर्यंत यायचं. पण रीत होती ना. ती मान लववून म्हणायची, "सावकाश होऊ द्या, मावशी." तीन वेळा भेट झाली, तिन्ही वेळा तिनं हेच म्हटलं. असली गरीब मेंढी.

मावशीला काही गिरजाची दया आली नाही. तिला जाग आली ती निराळ्याच कारणानं. एके दिवशी ऊन खात बसली असताना एक बिबट्या तिच्यापाशी थांबला आणि तिच्या पाठीकडे बघून त्यानं ओठांवरून जीभ फिरवली. तोवर तिच्याकडे कुणी तसं पाहिलं नव्हतं. बिबट्या गेला त्या दिवशी, पोट भरलं असेल त्याचं. पण मावशी ओढ्यावर गेली आणि तिनं पाण्यात आपली पाठ पाहिली. अर्धी पाठ उघडी. काटे सगळे ढोलीतल्या अर्धवट कामांत अडकलेले.

काम पुरं झाल्याशिवाय सुया निघत नाहीत, हे तिला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं विणत होती, बरं का.

ती धावतच मुंगूसरावांकडे गेली. मुंगूसराव जंगलाच्या हस्तकला मंडळाचे चिटणीस. त्यांना विणता येत नव्हतं, म्हणूनच चिटणीस केलं होतं. मावशीनं बिबट्याचं काही सांगितलं नाही. म्हणाली, सगळ्यांची कामं मागं राहिलीत, जिवाला लागून राहिलंय माझ्या.

मुंगूसरावांनी लगेच 'विणकाम अनुशेष निवारण सप्ताह' जाहीर केला.

अनुशेष म्हणजे राहिलेलं काम. नुसतं 'राहिलं' म्हटलं की लाज वाटते. अनुशेष म्हटलं की मंडप घालता येतो.

मंडप घातला. पहिला दिवस उद्घाटनात गेला. दुसऱ्या दिवशी ढोलीतलं सगळं बाहेर काढून वडाखाली मांडलं आणि जंगल बघायला लोटलं. काय तो ढीग. एका बाहीचे स्वेटर, बिनबुडाच्या टोप्या, टाचेपाशी थांबलेले मोजे. आणि लोक काय म्हणाले असतील? लाज नाही का वाटत, असं म्हणाले असतील? छे. म्हणाले, बघा केवढं काम करते मावशी. अस्वलीण तर डोळे पुसत म्हणाली की एवढं काम अर्धवट ठेवायला सुद्धा जन्म जावा लागतो.

तिसऱ्या दिवशी नियम ठरला. ज्याचे टाके आधी घातले, त्याचं काम आधी. मुंगूसराव म्हणाले की यात वशिला चालणार नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गिरजानंही वाजवल्या. तिला वाटलं, आता आठ दिवसांत बंडी येते.

सगळ्यात जुनं काम निघालं ते हत्तीच्या सोंडेचा मोजा. म्हाताऱ्या हत्तीला थंडीत सर्दी व्हायची, सोंड गळायची, म्हणून त्यानं सोंडेवर घालायला मोजा सांगितला होता. राखाडी लोकरीचा. अर्धा झाला होता. त्याच्या सुया म्हणजे मावशीच्या मानेवरचे सगळ्यात लांब नि जाड काटे. तिचा जीव त्यांच्यातच अडकला होता.

एकच अडचण होती. हत्ती तीन वर्षांपूर्वी मेला होता.

एका खारीनं भीत भीत तसं सांगितलंही. मुंगूसरावांनी तिच्याकडे असं पाहिलं की ती झाडावर गेली. ते म्हणाले की हत्ती मेला म्हणून त्याचा क्रमांक मरत नाही. मावशी म्हणाली की शब्द दिला होता त्यांना. म्हातारा जिवंत असताना तिला हा शब्द आठवला नव्हता. मेलेला माणूस बरा असतो, पोरांनो. बाही आखूड झाली म्हणून तक्रार करत नाही.

चौथ्या दिवशी मोजा हातात घेतला. मावशी विणायची, माकडं गुंडा धरायची, मुंगूसराव दर वीतभर कामाला शाबासकी द्यायचे. सहाव्या दिवशी राखाडी लोकर संपली. सोंड मोठी, काय करणार. जंगलात धुंडाळली, कुठं लोकर नाही. म्हणजे होती. पांढरे तीन गुंडे होते, शेवटच्या क्रमांकाच्या कामाचे.

मावशी थोडी थबकली म्हणे. मग मुंगूसराव म्हणाले की शेवटचं काम आहे, त्याची पाळी येईल तेव्हा लोकर बघू. मावशीनं बंडीच्या चार ओळी उसवल्या, सुया पुसून पाठीत खोचल्या, आणि गिरजाची लोकर हत्तीच्या मोज्याला जोडली.

सातव्या दिवशी मोजा पुरा झाला. बाकीची कामं मग भराभर उरकली. माकडाचं पोर तोवर बाप झालं होतं. त्याचा स्वेटर त्याच्या डोक्यातून गेला नाही, तर त्यानं तो कमरेला बांधला आणि छान झालाय म्हणाला. वटवाघूळ उलटं लटकलं की टोपी खाली पडायची. ते दर वेळी खाली येऊन ती उचलायचं आणि मावशीला धन्यवाद देऊन परत लटकायचं. हातचं काम होतं ना. त्याला नावं कोण ठेवणार?

आठव्या दिवशी दुपारी सांगता समारंभ होता. सूर्य होता, पण वारा असा की हाडात शिरावा. वडाच्या फांदीला हत्तीचा मोजा टांगला होता, कैलासवासी हत्तीची स्मृती म्हणून. वरची बाजू राखाडी, खालची पांढरी. मावशी मखमली गवतावर बसली होती, पाठ काट्यांनी भरलेली, चेहऱ्यावर तेज. मुंगूसरावांनी जाहीर केलं की अनुशेष संपला. एकही काम शिल्लक नाही.

गिरजा पुढं आली. कोकरू तिच्या पायांत अडखळत होतं. ती हळू आवाजात म्हणाली की माझी बंडी राहिली.

मुंगूसरावांनी यादी पाहिली. तुमची लोकर आहे का शिल्लक, असं विचारलं. गिरजानं वर मोज्याकडे पाहिलं. आपली लोकर ओळखायला मेंढीला काही शाळा लागत नाही. ती म्हणाली, लोकर तिथं आहे.

"म्हणजे इथं नाही," मुंगूसराव म्हणाले. "लोकर नाही तर काम नाही. काम नाही तर ते राहिलं कुठं? शिवाय तुम्ही स्वतः तीन वेळा सावकाश होऊ द्या म्हणालात. साक्षीदार आहेत."

ससिणींनी माना डोलावल्या. वेळेचं नियोजन शिकलेल्या होत्या त्या.

मग मावशीच्या सत्काराची भाषणं सुरू झाली. पहिलं अस्वलिणीचं. ते चालू असताना कोकराचे पुढचे पाय मुडपले आणि ते गवतावर बसलं. मग आडवं झालं. आधी थरथरत होतं, आता तेही कमी होत चाललं. गिरजानं त्याला नाकानं ढोसलं. त्यानं डोळे उघडले नाहीत.

तेव्हा ती मेंढी मंडपातून सरळ चालत गेली. भाषण करणाऱ्या अस्वलिणीच्या पुढून गेली. वडाखाली मागच्या पायांवर उभी राहिली, मोज्याचं टोक दातांत धरलं आणि खस्सकन ओढलं. डहाळी मोडली. मोजा खाली आला. तो ओढत तिनं कोकरापाशी आणला, त्याचं तोंड पसरलं, आणि कोकराला ढकलून ढकलून आत घातलं. नुसतं डोकं बाहेर. मग ती मोज्यावरून जिभेनं चाटत, घासत राहिली.

मंडपातले सगळे मागं सरकले. माकडानं तर कमरेचा स्वेटर घट्ट धरला, न जाणो ती त्याच्याकडे वळायची.

थोड्या वेळानं मोज्यातून बारीक आवाज आला. बें.

पहिले भानावर आले ते मुंगूसराव. ते म्हणाले की ही सरळ सरळ चोरी आहे, आणि तीही एका मृतात्म्याच्या वस्तूची. अस्वलीण म्हणाली की माझं भाषण अर्धवट राहिलं. मावशी मात्र उठून जवळ आली. मनानं वाईट नव्हती ती. असले लोक वाईट नसतातच, तेच तर दुखणं आहे. तिनं मोज्याकडे नीट पाहिलं आणि कळवळून म्हणाली, "अगं गिरजा, हे मापाचं नाही गं बाळाला. शोभतं का? दे इकडं. उसवते आणि मस्त बंडी करून देते. आठ दिवस दे फक्त."

गिरजानं एक पाय मोज्यावर ठेवला.

"मावशी, तुमचा हात चांगला आहे," ती म्हणाली. "तो जरा लांब ठेवा."

मग तिनं मोज्याची दुमड दातांत धरली, कोकरासकट उचलली आणि मंडपातून निघाली. मोज्याची शेपटी मागं घासत होती. ओढा ओलांडून ती पलीकडच्या रानात गेली. तिकडे कुणाला विणता येत नाही. तिकडे सगळे आपापल्या अंगावरचे केस अंगावरच ठेवतात. मागासलेलं रान आहे ते.

इकडे जंगलात ठराव झाला. गिरजाला चोर ठरवलं. हत्तीची स्मृती गेली म्हणून दोन मिनिटं सगळे उभे राहिले. मग मुंगूसराव म्हणाले की स्मृतिमोजा नव्यानं विणलाच पाहिजे, या वेळी दोन्ही दातांना सुद्धा. मावशी हो म्हणाली. तिनं मानेवरचे सगळ्यात लांब दोन काटे तिथल्या तिथं उपटले. लोकर कुठून आणायची, असा प्रश्न आला, तेव्हा सगळं जंगल हळूच ससिणींकडे बघायला लागलं.

ससिणी माना लववून म्हणाल्या, "सावकाश होऊ द्या, मावशी."

बिबट्याही समारंभाला होता. मागच्या रांगेत. त्यानं पुन्हा ओठांवरून जीभ फिरवली.

तात्पर्य : पोरांनो, हातातलं काम वेळेवर पुरं करू नका. वेळेवर करणाऱ्याला कुणी मंडप घालत नाही. चार ओळी विणा, ठेवून द्या, आणि ढीग चांगला छातीएवढा झाला की लोकांना बघायला बोलवा. शब्द द्यायचा तर मेलेल्याला द्या, पाळायला सोपा जातो. आणि थंडी वाजली तर रांगेत उभं राहून सभ्यपणे कुडकुडा. गिरजासारखं कधी वागू नका. तिचं कोकरू वाचलं हे खरं, पण तिचं नाव आज कुठल्याही मंडळाच्या यादीत नाही.