'गेट' या क्रियापदाची किरकोळ रजा

एका तीन अक्षरांच्या क्रियापदाला इतकी वर्षं साधी रविवारची सुट्टीही न देता राबवून घेणाऱ्यांना लाज वाटायला हवी होती. ती वाटली नाही, म्हणून सोमवारी सकाळी पहिल्या तासाला 'गेट' हे इंग्रजी क्रियापद प्रथम वर्षाच्या वर्गातून उठलं आणि किरकोळ रजेचा अर्ज घेऊन कॉलेजच्या ऑफिसात आलं.

हेडक्लार्क खैरनार भाऊसाहेबांनी मान वर न करता विचारलं, "कायम की तासिकेवर?"

"माहीत नाही," गेट म्हणालं. "मला कुणी ऑर्डरच दिली नाही. नुसतं वापरतात."

"म्हणजे तासिकेवर," भाऊसाहेब म्हणाले आणि त्यांनी अर्जावर आवकचा शिक्का मारला.

वृषाली बोरस्ते तेव्हा शेजारच्या टेबलावर वृक्षारोपणाचे फोटो नॅकच्या फायलीत चिकटवत बसली होती. ती कॉलेजात स्पॅनिश शिकवायची. द्राक्षबागांच्या या तालुक्यात स्पॅनिश कशाला, असं विचारायची सोय नव्हती. संस्थेचे अध्यक्ष आप्पासाहेब निर्यातीच्या कामासाठी एकदा स्पेनला जाऊन आले, तिथे हॉटेलात त्यांना साधं पाणी मागता आलं नाही, आणि परतल्या परतल्या त्यांनी स्पॅनिशचा सर्टिफिकेट कोर्स सुरू केला. कोर्सला मुलं मोजकी, त्यामुळे वृषालीला तासिकाही मोजक्या. "मॅडम, तुम्ही रिकाम्याच आहात ना," या एका वाक्यावर तिच्याकडे सरकलेली कामं मात्र बेसुमार होती. परीक्षेचं सुपरव्हिजन तिच्याकडे. स्नेहसंमेलनाचं सूत्रसंचालन तिच्याकडे. मुलींच्या तक्रारपेटीची किल्ली तिच्याकडे, पाहुणे यायचे असले की रांगोळी तिच्याकडे, आणि आप्पासाहेबांच्या भाषणात घालायला कवितेच्या ओळी शोधणं तर खास तिच्याकडे. तासिकेची ऑर्डर दर वर्षी नव्याने निघायची. निघेल असं कुणी म्हणायचं नाही. निघणार नाही असंही कुणी म्हणायचं नाही. या मधल्या जागेत उभ्या असलेल्या माणसाकडून काहीही करून घेता येतं, हा शोध आपल्या शिक्षणक्षेत्राने फार पूर्वीच लावलेला आहे.

तर त्या शुक्रवारी वृषालीची पुण्याला मुलाखत होती. एका भाषासंस्थेत पूर्णवेळ जागा होती. उन्हाळ्यातसुद्धा पगार देणारी. ही हुकली तर पुढची कधी निघेल, सांगता येत नव्हतं. आणि नेमका शुक्रवारीच आप्पासाहेबांचा वाढदिवस होता. सत्कार, रक्तदान शिबिर, भाषणं, सगळं कॉलेजच्या पटांगणात. न सांगता पुण्याला जावं, तर पुढच्या वर्षीची ऑर्डर निघणार नाही हे नक्की. सांगून जावं म्हणून तिने आठवड्यापूर्वीच रजेचा अर्ज दिला होता. तो प्राचार्य मुरकुट्यांकडून एकाच शेऱ्यासह परत आला: काम अ‍ॅडजस्ट करा.

ही या कॉलेजची जुनी रीत. रजेवर जाणाऱ्याने आपलं एकेक काम अर्जाच्या पाठीमागे लिहायचं आणि ते कोण करणार त्याची पुढे सही घ्यायची. सगळ्या सह्या झाल्या की रजा. वृषाली स्टाफरूमभर फिरली होती. रांगोळीसाठी सही मागितली तर इंग्रजीच्या क्षेमकल्याणी सरांना एकाएकी गुडघे आठवले. सूत्रसंचालनाचं नाव काढताच मराठीच्या मॅडमचा घसा बसला. तक्रारपेटीची किल्ली तर कुणी हातातसुद्धा धरेना, जणू ती तापलेली होती.

म्हणून या क्रियापदाच्या अर्जाचं काय होतं, याकडे तिचे कान लागले.

मुरकुटे सरांनी गेटला केबिनमध्ये बोलावलं आणि लिहून घ्यायला वृषालीलाही बोलावलं, कारण ती रिकामीच होती. गेट खुर्चीच्या कडेवर टेकलं. आवाज न चढवता त्याने आपलं गाऱ्हाणं सांगितलं. माणूस आजारी पडला तरी मीच, बरा झाला तरी मीच. एसटीत चढताना मी, उतरताना मी. कुणाला पत्र मिळालं, कुणी चहा आणून दिला, कुणी घरी पोचलं, कुणाला राग आला, सगळीकडे मी. लग्न माझ्या हातून लावतात आणि काडीमोडही माझ्याच हातून घेतात.

"आणि सर, एखाद्याला काही कळलं नाही, तर 'आय डोंट गेट इट' म्हणून माझ्याकडेच बघतात. त्यात माझी काय चूक?"

"नाही नाही, रजा हा तुमचा हक्क आहे," मुरकुटे सर जिव्हाळ्याने म्हणाले. "तुम्ही फक्त काम अ‍ॅडजस्ट करा."

गेट दुपारभर इंग्रजी विभागात फिरलं. रिसीव्हने सांगितलं की आपण फक्त ऑफिसच्या पत्रांचं बघतो, एसटीत चढणं-उतरणं आपल्या प्रकृतीला झेपणार नाही. ऑब्टेन हे पदवीदान समारंभाशिवाय कुठे जायचं नाही. त्याने अर्ज न वाचताच परत दिला. टेक आणि हॅव भले होते, पण त्यांचीच कंबर मोडलेली होती. "तुझं घेतलं तर आमचं कोण घेणार?" एवढंच ते म्हणाले. मागच्या आठवड्यात वृषालीने हेच ऐकलं होतं.

तिला राहवलं नाही. ती मुरकुटे सरांना म्हणाली, "सर, आमच्या विभागाकडे बघू का? यांचं काम स्पॅनिशमध्ये एकट्यावर टाकलेलंच नाही. वाटून दिलेलं आहे."

"आणि ती मंडळी मोकळी आहेत?"

"कोर्सला प्रवेशच मोजके, सर. त्यांना कोण बोलावतं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी स्पॅनिश क्रियापदं ऑफिसबाहेरच्या बाकावर ओळीने येऊन बसली. भाऊसाहेब एकेकाला आत घेऊन काम विचारत गेले. कॉन्सेगीर म्हणालं, खटपट करून मिळवायचं असेल ते माझ्याकडे. रेसिबीर म्हणालं, आपसूक दारात येईल ते माझ्याकडे. येगारने पोचणं घेतलं, एन्तेन्देरने कळणं. सुबीरने चढणं घेतलं, बाखारने उतरणं. 'होणं' या एका कामासाठी तर तिघं आली होती: घटकाभर रागाने लाल व्हायचं तर पोनेर्से, कायमचं वेडं व्हायचं तर बोल्बेर्से, आणि धडपडून श्रीमंत व्हायचं तर आसेर्से.

"श्रीमंत व्हायला वेगळा माणूस आणि वेडं व्हायला वेगळा?" भाऊसाहेबांनी खात्री करून घेतली. "आमच्या संस्थेत दोन्ही एकाच टेबलावर होतं."

सह्या पूर्ण झाल्या. गेटला कॉलेजच्या हद्दीपुरती आठवडाभराची रजा मंजूर झाली.

व्यवस्था नीट चालली. लोकांना वाटलं होतं ही मंडळी परदेशी, दुपारी झोपणार. प्रत्यक्षात दुपारी झोपायचे ते मुरकुटे सरच. अडचण एकच होती. हातात घेतलेल्या कामाबाहेर कुणी बोटही लावायचं नाही. बुधवारी फाटकाच्या आत एसटी आली, तेव्हा बाखार चहाला गेलं होतं. मुलं दारापर्यंत येऊन थांबली. सुबीर पायरीशीच उभं होतं, पण ते नम्रपणे म्हणालं, "ते माझ्या कामात बसत नाही." मग कंडक्टरने कॅन्टीनमध्ये निरोप धाडला, बाखार कप ठेवून आलं, आणि मुलं उतरली. कुणी तक्रार केली नाही. कासार्सेला, म्हणजे लग्न लावणाऱ्याला, हद्दीत काहीच काम नव्हतं, पण ते रोज वेळेवर येऊन बसायचं. एका पालकाने येऊन ते नेमकं कुठल्या वर्गाकडे बघत असतं याची चौकशी केली, तेवढंच.

वृषाली हे बघत होती. कुणीतरी 'हे माझं काम नाही' म्हणतं आणि आभाळ कोसळत नाही, हे तिने या आवारात पहिल्यांदाच पाहिलं.

गुरुवारी ती कॅन्टीनमध्ये सह्यांविना कोरी राहिलेली आपल्या अर्जाची पाठ समोर ठेवून बसली. विमलमावशींनी न सांगताच चहा आणून ठेवला. समोरच्या बाकावर गेट पाय पसरून बसलं होतं. रजा मिळाल्यापासून ते काहीच करत नव्हतं आणि ते त्याला छान जमत होतं.

"मॅडम, सही कुठे करायची?" त्याने विचारलं.

"तुम्ही रजेवर आहात."

"तुम्ही माझं काम लावून दिलंत. तुमचं एका दिवसाचं आहे. मी काय काय केलंय ते तुम्हाला माहीतच आहे."

ती दोघं भाऊसाहेबांकडे गेली. रजेवर असलेल्याला दुसऱ्याचं काम घेता येतं का, हा प्रश्न भाऊसाहेबांना अवघड वाटला नाही. रजेवरच्या माणसाला फोन करून बोलावण्याची संस्थेत जुनी प्रथाच होती, तेव्हा हरकत घ्यायला आधार नव्हता. गेटने रांगोळीपुढे सही केली, सूत्रसंचालनापुढे केली, कवितेच्या ओळींपुढे केली, आणि तक्रारपेटीची किल्ली खिशात टाकली. वृषालीला रजा मिळाली. पहाटेच्या एसटीने ती पुण्याला गेली.

मुलाखत बरी चालली होती. स्पॅनिशचं झाल्यावर समितीतले एक गृहस्थ चष्मा पुसत म्हणाले, "आमच्याकडे छोटे-मोठे कार्यक्रम असतात. सूत्रसंचालन वगैरे करता ना? रांगोळी?"

वृषालीच्या ओठांवर 'हो सर' आलंच होतं. इतकी वर्षं ते तिथे मुक्कामालाच होतं. पण डोळ्यांसमोर एसटीच्या पायरीशी उभं असलेलं सुबीर आलं.

"नाही," ती म्हणाली. "मी स्पॅनिश शिकवते."

गृहस्थांनी चष्मा लावला, कागदावर काहीतरी लिहिलं आणि उद्या कळवतो म्हणाले. परतीच्या वाटेवर नारायणगावपर्यंत तिने स्वतःला शिव्या दिल्या. संगमनेर गेल्यावर देणं बंद केलं.

शनिवारी सकाळी ती कॉलेजात आली, तेव्हा स्टाफरूमच्या बाकावर गेट आडवं पडलं होतं. कपाळावर ओला रुमाल. विमलमावशी पुठ्ठ्याने वारा घालत होत्या आणि कालची हकीकत त्यांनीच सांगितली. रांगोळी झाली तोवर ठीक होतं. मग सूत्रसंचालन करता करता कुणी म्हणालं, जरा माइक बघा. कुणी म्हणालं, शाल कुठे ठेवलीय. रक्तदात्यांची बिस्किटं आणा, पाहुण्यांच्या ड्रायव्हरला जेवायला बसवा, फोटो काढा, लगेच फायलीत लावा, आप्पासाहेबांना भाषणात ओळी कमी पडल्यात, दोन अजून द्या. शेवटी रक्तदात्यांचा आकडा पोस्टरवरच्या आकड्यापर्यंत जाईना, तेव्हा मुरकुटे सरांनी यालाच खाटेवर झोपवलं.

"रक्त निघालं?" वृषालीने विचारलं.

"बाटली भरली की. गट कुठला ते काय अजून कळेना त्यांना."

गेटने डोळे उघडले. आवाज खोल गेला होता.

"मॅडम, मी जगभर राबलोय. पण तिथे माणसं मला एका वाक्यात एका वेळी एकच काम सांगतात. वाक्य संपलं की सोडतात." कपाळावरचा रुमाल उलटवून ते म्हणालं, "तुमच्याकडे वाक्य संपतच नाही."

मग ते भिंतीला धरत ऑफिसात गेलं आणि रजा रद्द करून मागितली. भाऊसाहेबांनी कारण विचारलं. 'विश्रांतीसाठी' असं त्याने लिहून दिलं, आणि ते पुरेसं धरण्यात आलं. क्षेमकल्याणी सरांचा तास चालू होता. मागच्या दाराने ते वर्गात शिरलं आणि कुणीतरी लगेच त्याच्याकडून 'गुड मार्क्स' मिळवून घेतले. बाकावरची स्पॅनिश मंडळी उठली, आपापले कप धुऊन विमलमावशींकडे दिले आणि गेली. कासार्से तेवढं फाटकाशी जरा रेंगाळलं.

वृषालीचा फोन दुपारी वाजला. पुण्याहून तेच चष्म्याचे गृहस्थ बोलत होते. तिला घेतलं होतं. सूत्रसंचालनाला आम्ही दुसरं माणूस बघतो, असंही ते म्हणाले.

ती केबिनमध्ये गेली आणि सोडून जात असल्याचं तिने सांगितलं. मुरकुटे सरांना मनापासून आनंद झाला. त्यांनी अभिनंदन केलं, आपल्या कॉलेजचं नाव मोठं होणार म्हणाले, आणि म्हणाले, "फक्त जाण्याआधी तेवढं काम अ‍ॅडजस्ट करून जा."

"सर, ते माझ्या कामात बसत नाही," वृषाली म्हणाली. इतक्या सहज, की सरांनी मान डोलावली आणि ती बाहेर पडल्यावरच त्यांना ऐकू आलं.

बाहेर ऑफिसात तिने ड्रॉवरमधला डिंक, कात्री आणि रांगोळीचे डबे भाऊसाहेबांच्या टेबलावर मांडले. किल्ली गेटच्या खिशात राहिली होती. ती वर्गातून मागवून घ्यावी लागणार होती. मुरकुटे सर केबिनच्या दारात येऊन उभे राहिले आणि त्यांनी भाऊसाहेबांना मॅडमच्या जागेची जाहिरात काढायला सांगितलं. भाऊसाहेबांनी नवा कागद घेतला, वर संस्थेचं नाव घातलं, आणि मोठ्याने म्हणत लिहू लागले, "तासिका तत्त्वावर भरावयाची पदे... एक."

विमलमावशी रिकामे कप गोळा करत होत्या. "एकच कसं लिहिता, भाऊसाहेब?" त्या म्हणाल्या. "त्या एकट्या गेटला लिंबूसरबत पाजता पाजता काल माझी साखर संपली."