कमानीविना स्वागत

जयमालाताईंनी एकदा शिकवलं की पोरं जन्मात विसरत नाहीत, असं दुसरं कुणी म्हणत नव्हतं. ताई स्वतःच म्हणायच्या. त्र्याण्णव साली सोनईजवळच्या एका वस्तीत त्या एका संस्थेतर्फे पर्यावरणाचा वर्ग घ्यायच्या. वर्ग चालू ठेवायचा की गुंडाळायचा, हे ठरवायला नगरहून संस्थेचे साहेब येणार होते. वर्ग गेला की ताईंची नोकरीही गेली. तरी ताई निर्धास्त होत्या.

आता साहेब येणार म्हटल्यावर कमान पाहिजे, आणि कमानीला हिरवे डहाळे पाहिजेत. वस्तीचे पुढारी सूर्यभान सकाळीच कोयता घेऊन समाजमंदिरापुढच्या कडुलिंबाकडे गेले. बघतात तर सगळा वर्ग झाडाला गोचिडासारखा चिकटलेला.

“सरका रे. साहेबांसाठी चार डहाळे तोडायचेत.”

“झाड तोडू द्यायचं न्हाई,” इन्शा म्हणाली. ही वर्गातली सगळ्यात हुशार पोरगी.

सूर्यभाननी ताईंना बोलावून आणलं.

“अगं, आजच्या दिवस चालतंय,” ताई म्हणाल्या.

“तुमीच म्हणल्या हुत्या, आजच्या दिवस असं कुनी म्हणलं तर आजिबात ऐकायचं न्हाई.”

हे ताई खरंच म्हणाल्या होत्या. वर पोरांकडून दोनदा म्हणवूनही घेतलं होतं.

“मरू द्या कमान. चहाचं तरी बघा,” सूर्यभान करवादले.

पण चहा करणाऱ्या लंकाबाईंच्या चुलीपुढंही दोन पोरी ठाण मांडून बसल्या होत्या. सरपण ओलं, म्हणजे धूर होणार, म्हणून चूल पेटवायची नाही.

“लई चांगलं शिकवलंत ताई,” लंकाबाई म्हणाल्या. “आता पातेलं उन्हात ठिऊ का?”

तेवढ्यात जीप आली. इन्शा धावत जाऊन रस्त्यात आडवी उभी राहिली. “गाडी बंद करा. धूर व्हतोय.”

ड्रायव्हरनं बंद केली. साहेब भर उन्हात धुळीतून चालत आले. ना कमान, ना हार, ना चहा. गेली नोकरी, ताई मनात म्हणाल्या.

साहेबांनी सगळी हकिगत ऐकली. लिंबाखाली बसून तांब्याभर पाणी प्यायले आणि म्हणाले, “जयमालाताई, असा वर्ग मी उभ्या जिल्ह्यात पाहिला नाही.”

ताईंच्या जिवात जीव आला. “मग साहेब, पुढच्या वर्षी वर्ग...”

“छे, आता इथं वर्गाची काय गरज? पोरांना सगळं येतंय.”

साहेब गेले. ताई झाडाखाली नुसत्या बसून राहिल्या. लंकाबाई शेजारी येऊन टेकल्या.

“वाईट वाटून घिऊ नका ताई,” त्या म्हणाल्या. “पर जरा कमी शिकवायला पायजे हुतं.”