नसलेल्या घोंगडीची घडी

भिवातात्या रोज पहाटे नसलेल्या घोंगडीची घडी घालायचे.

सणसरला आमची घरं समोरासमोर, मधे बोळ. मी शाळेत मास्तर, गावात नवा. एसटीडीचा पिवळा बूथ आला त्या सालची गोष्ट. उसावरचं धुकं बोळात उतरायचं आणि त्यात हा उंच म्हातारा दोन्ही हात पसरून उभा. सावकाश श्वास घ्यायचा, 'हूऽऽ' करत सोडताना हात झटकायचे, मग दुमडायचे. घोंगडीच्या घडीला दोन माणसं लागतात. दुसऱ्या टोकाला कुणीच नसायचं. पण त्यांचा म्हातारा कुत्रा नेमका त्याच टोकाशी बसून वर बघत शेपूट हलवायचा. माझ्या अंगावर काटा यायचा.

एकदा सकाळच्या शाळेच्या घाईत मी मधूनच निघालो.

"मास्तर, वाका," तात्या शांतपणे म्हणाले. "अडकशीला."

मी बी.एड. झालेला माणूस, चक्क वाकलो. पुढे कळलं, अख्खा बोळच वाकतो. दूधवाला तर सायकलवरून उतरून मान खाली घालून जायचा.

बायको, सोनाबाई, गेल्यापासून तात्या मुके मुके झाले होते, विसरायलाही लागले होते. इंदापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, गोळ्या कमी, व्यायाम जास्त. अंग हलवा, श्वासाकडे लक्ष ठेवा. मुलाने त्यांना बारामतीला योगाच्या वर्गात घातलं. तात्या पहिल्याच दिवशी परत.

"त्यो म्हणतो, डोळं मिटा, मन रिकामं करा. आरं, ते आपसूकच रिकामं व्हाया लागलंय, म्हणून तर आलो तितं."

मग त्यांनी स्वतःचाच व्यायाम काढला. मेंढरांमागे फिरायचे तेव्हा मुक्काम हलवताना नवराबायको मिळून घोंगडी झटकायचे, तोच.

"गुण येतोय का?" मी विचारलं.

"टोकं द्याया ती म्होरं येती. तवा त्वांड दिसतं तिचं. एरवी पुसत चाललंय." एवढं बोलून ते तंबाखू मळू लागले.

थंडीतल्या एका पहाटे 'हूऽऽ' ऐकू आलं नाही. बाहेर येऊन पाहतो तर तात्या हात पसरून तसेच उभे, पुढे काय करायचं ते आठवत नव्हतं.

"येईना ती, मास्तर."

मी दुसऱ्या टोकाला उभा राहिलो, हात उचलले आणि झटकले. त्यांचे हात आपोआप झटकले गेले. मग टोकं द्यायला मी पुढे गेलो. त्यांची गार बोटं माझ्या बोटांवर आली, पण नजर माझ्या खांद्यामागे होती. चेहरा हळूहळू उजळला.

"आली बगा," ते म्हणाले.

कुत्रा उठला आणि माझ्या मागे बघत शेपूट हलवू लागला.

मी मागे वळलो नाही. घडी मोडली असती.