दुसऱ्या मजल्यावरचा सतरा नंबर

कॉलेजच्या पहिल्या दिवशी धाकटी वर्गात पोचली तेव्हा आठ वाजायला दहा मिनिटं होती, आणि वर्गात एक वृद्ध गृहस्थ फडक्यानं दगड पुसत बसले होते. तान्ह्या बाळाचं तोंड पुसावं तसे, हलक्या हातानं. चष्मा कपाळावर होता. दगड पुसून झाल्यावर ते चष्मा टेबलावर शोधू लागले.

"सर, कपाळावर आहे," धाकटी दारातून म्हणाली.

"असं होय." सरांनी चष्मा खाली ओढला. त्यानं फारसा फरक पडलेला दिसला नाही. "ये, बस. वेळेआधी आलेलं माणूस बऱ्याच वर्षांनी पाहतोय."

धाकटी पहिल्या बाकावर बसली. वेळापत्रकात स्पष्ट लिहिलं होतं: प्रथम वर्ष वनस्पतिशास्त्र, दुसरा मजला, जिन्यासमोरची खोली. बाकीचे विषय खालच्या मोठ्या दालनात, दीडशे जणांच्या गर्दीत. हा मुख्य विषय तेवढा आपल्या हक्काच्या खोलीत. धाकटीनं मजले नीट मोजले होते. मोजण्याच्या बाबतीत तिच्या घरी हयगय नव्हती. आई शिवणकाम करायची, आणि बोटभर माप चुकलं तर बाही कशी रडते ते धाकटीनं लहानपणापासून पाहिलं होतं. घर दोन मजल्यांचं. पहिल्या मजल्यावर आईचं मशीन, कापडं आणि गिऱ्हाइकं. दुसऱ्या मजल्यावर स्वयंपाक, अंथरुणं आणि दोघी बहिणींची भांडणं. मधे अकरा पायऱ्यांचा एक जिना. दुसरा मजला म्हणजे एक जिना चढून, हे तिला रांगायला लागल्यापासून ठाऊक होतं.

शहरात जमिनीवरच्या मजल्याला मोजतच नाहीत, तो बिचारा सगळी इमारत डोक्यावर घेऊन उभा असतो तरी त्याला नंबर म्हणून नसतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आणि दारावरची पाटी रंगकामासाठी उतरवून ठेवली होती. ती जागेवर असती तर ही गोष्ट इथेच संपली असती.

हळूहळू आणखी सहा जण आले आणि मागच्या बाकांवर पांगले. सरांनी हजेरीपट नाकाजवळ धरून नंबर वाचायला सुरुवात केली. बऱ्याच नंबरांना उत्तरच आलं नाही.

"सतरा?"

"हजर, सर," धाकटी म्हणाली. तिचा नंबर सतराच होता.

सरांचं पेन थांबलं. "सतरा? आलीस तू?"

"हो, सर."

"बरं केलंस. फार दिवस वाट पाहत होतो."

एवढ्या मोठ्या शहरात, जिथे रस्तासुद्धा कुणासाठी थांबत नाही, तिथे कुणीतरी आपली वाट पाहत होतं.

मागच्या बाकावर कुजबुज झाली. "झोपाळूनं पाठवलेली दिसतेय."

"या वेळी माणूस चांगलं निवडलंय. वहीसुद्धा आणलीय."

सर दगडांविषयी बोलू लागले. कुठला दगड आगीतून आला, कुठला पाण्याखाली थर साचत झाला, कुठल्यानं दाब सोसून रंग बदलला. ते सांगताना त्यांचा आवाज असा यायचा की समोरचा दगड आता उठून दोन शब्द बोलेल. धाकटी झाडांची वाट पाहत होती, पण पहिला दिवस गेला, दुसरा गेला, आठवडा सरला, तरी पान नाही की फूल नाही. तिला त्यात वावगं वाटलं नाही. उलट शहराविषयीचा आदर वाढला.

"दगड?" फोनवर आई म्हणाली. "तू तर झाडं शिकायला गेलीस ना गं?"

"अगं आई, झाड मातीत असतं, आणि माती दगडापासून होते. इथे अगदी मुळातून शिकवतात."

"बघ म्हणजे. आपल्याकडे एकदम पानालाच हात घातला असता." आईच्या मशीनचा आवाज फोनमधून येत होता, टकटक टकटक, जणू तेही मान डोलवत होतं. "एक लक्षात ठेव. एकही तास बुडवायचा नाही. तुझी जागा म्हणजे बेतून घेतलेलं कापड आहे, दुसरं मिळायचं नाही."

धाकटीनं एकही तास बुडवला नाही. वसतिगृहाच्या खोलीत तिच्याबरोबर तिसऱ्या वर्षाची एक ताई राहायची. झोप या कलेत तिचा हात कुणी धरला नसता. खिडकीखाली खडी फोडणारं यंत्र चालू असताना ती कूस बदलून म्हणायची, "छान वारा सुटलाय." धाकटीला तिचं फार कौतुक वाटायचं. स्वतः धाकटी नव्या जागी पहिले चार दिवस टक्क जागी होती.

"ताई, तू काय शिकतेस?" तिनं एकदा विचारलं होतं.

"दगड," ताई डोळे मिटूनच म्हणाली.

धाकटी चरकली. तिसऱ्या वर्षापर्यंत दगडच, तर झाडं येणार कधी?

"मग सकाळी वर्गाला नाही जात?"

"आमचे सर म्हणजे मायेचं माणूस गं. मी गेले नाही तरी हजर लावतात. मला खरं वाटेना, मुद्दाम ऑफिसात जाऊन पाहिलं. दोन आठवडे रोज हजर."

"किती चांगले," धाकटी म्हणाली. "आमचेही सर असेच आहेत."

रोज सकाळी ती चपला हातात घेऊन चवड्यांवर निघायची. ताईच्या डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून पडदा ओढायची, कडी वाजू नये म्हणून बोटानं धरून लावायची, आणि मग एक जिना चढून सतरा नंबराला हजर म्हणायची.

तिसऱ्या आठवड्याच्या सोमवारी चाचणी झाली. सरांनी टेबलावर दहा दगड मांडले. मागच्या बाकावरचे सहा जण भिंग घेऊन भिडले. धाकटीनं नुसती बोटं फिरवली. हा जाडाभरडा, गोणपाटासारखा. हा साटीनसारखा, हात घसरतो. याची वीण घट्ट आहे, आणि हा थराथरांचा, घडी घातलेल्या चादरीसारखा. घडी कुठून मोडेल तेही दिसतंय. एकेक ओळखत तिनं नावं लिहिली.

सर जवळ येऊन उभे राहिले होते. "हे असं बोटांनी बघायला कुणी शिकवलं?"

"आईनं. ती कापडाचं सांगते. मी दगडाला लावलं."

सरांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा कपाळावर ठेवला. "चाळीस वर्षं मी हेच सांगायला शब्द शोधतोय," ते म्हणाले.

बुधवारी दुपारी सूचनाफलकासमोर धाकटी आणि ताई एकमेकींवर आदळल्या. एकाच फलकावर, शेजारी शेजारी, दोन कागद लागले होते. एकावर लिहिलं होतं: तृतीय वर्ष भूशास्त्र, चाचणी, क्रमांक सतरा, वीसपैकी एकोणीस. दुसऱ्यावर: प्रथम वर्ष वनस्पतिशास्त्र, क्रमांक सतरा, हजेरी शून्य, शुक्रवारपर्यंत खुलासा न आल्यास नाव कमी करून वसतिगृहातील जागा दुसऱ्यास देण्यात येईल.

ताई पांढरीफटक पडली होती. "मी परीक्षा दिली," ती पुटपुटली. "झोपेत. मी झोपेत चालत जाऊन परीक्षा देऊन आले."

धाकटीला काही ऐकूच आलं नाही. तिच्या डोळ्यांपुढे आईचं मशीन थांबलेलं दिसत होतं.

दोघी ऑफिसात गेल्या. तिथे हेडक्लार्क काका होते. तीस वर्षं त्याच खुर्चीत बसून खुर्चीला त्यांचा आकार आला होता.

"काका, मी रोज आले हो," धाकटी म्हणाली. "एकही दिवस चुकवला नाही."

"रोज आलेली शून्य हजेरी." काकांनी कागद उलटसुलट पाहिला. "माझ्या नोकरीत पहिलीच. कुठे बसत होतीस?"

"दुसऱ्या मजल्यावर. जिन्यासमोर."

"जिने किती चढायचीस?"

"एक."

काकांनी पेन खाली ठेवलं. "एक जिना म्हणजे पहिला मजला, बाळ."

"मग हा कुठला?" धाकटीनं पायाखालची फरशी दाखवली.

"हा तळमजला."

"म्हणजे याला नंबरच नाही? पण ऑफिस तर इथेच आहे."

काका थोडा वेळ फरशीकडे पाहत राहिले. तीस वर्षांत हा विचार त्यांच्या मनाला शिवला नव्हता. मग त्यांनी ताईकडे मान वळवली. "आणि तुझं काय?"

"मला एकोणीस मार्क पडलेत."

"अभिनंदन. तक्रार काय आहे?"

"मी गेलेच नव्हते, काका."

काकांनी एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. "दोघी राहता कुठे?"

"एकाच खोलीत."

"हजेरीचा नंबर?"

"सतरा," दोघी एकदम म्हणाल्या.

ताईनं सावकाश विचारलं, "तू रोज सकाळी जातेस कुठे गं?"

"वर्गात."

"तिथे कोण असतं?"

"सर. दगड पुसत असतात."

ताई बाकावर मटकन बसली. त्या तीन आठवड्यांत ती पहिल्यांदाच पूर्ण जागी झाली होती.

काकांनी दोन्ही विभागांना निरोप पाठवला. वनस्पतिशास्त्राच्या मॅडम आल्या, ताठ, हातात हजेरीपट. मागून जिन्याचा कठडा चाचपत सर आले.

"सतरा माझी आहे," सरांनी दारातूनच सांगून टाकलं.

"तुमची सतरा ही आहे, सर," काकांनी ताईला पुढे केलं.

सरांनी चष्मा डोळ्यांवर घेऊन तिला नीट न्याहाळलं. "हिला मी ओळखत नाही."

"मी तीन वर्षं तुमच्याकडेच आहे, सर," ताई खालमानेनं म्हणाली.

"हे सगळं ठीक आहे," मॅडम म्हणाल्या, "पण दगडांची हजेरी झाडांना लागत नाही. दोन आठवडे मी मुळांवर शिकवतेय. ही त्यात कुठेच नाही. नाव कमी करायचं नाही तर काय करायचं?" त्या धाकटीकडे वळल्या. "सांग तूच. मुळं काय करतात?"

मुळांचं धाकटीला कुणी काही शिकवलं नव्हतं. तिनं सरांकडे पाहिलं. सर खिडकीबाहेर पाहत होते, पण त्यांचे कान तिच्याकडेच होते.

"दगड फोडतात, मॅडम," ती म्हणाली.

"काय?"

"दगडात एक बारीक फट असते. मूळ आधी केसाएवढं होऊन आत शिरतं. कुणाला कळतही नाही. मग तिथेच राहून थोडं थोडं जाड होतं. एक दिवस दगड दुभंगतो, त्याची माती होते, आणि मूळ म्हणतं, आता ही माझी जागा."

मॅडमनी हजेरीपट या हातातून त्या हातात घेतला.

"साठ जणांना विचारलं," शेवटी त्या म्हणाल्या. "साठही जणांनी लिहिलं, पाणी शोषतात. चूक नाही. पण पाणी शोषतात एवढंच." त्यांनी सरांकडे रागानं पाहिलं, पण तो राग वरवरचा होता. "तुम्ही माझी मुलगी पळवली होती, सर."

"चुकून आली होती," सर म्हणाले. "चुकून आलेल्यानं इतकं ऐकलं. मुद्दाम येणारे अजून भिंग शोधतायत."

"बुडालेलं सगळं भरून काढावं लागेल. बारा दिवस, सकाळी सात वाजता, मागच्या बागेत."

"येईन, मॅडम. सहालाच येते."

"सात."

काकांनी खुलाशाचा छापील अर्ज काढला. गैरहजेरीचं कारण: आजार, घरी दुःखद प्रसंग, क्रीडास्पर्धा, इतर. त्यांनी 'इतर'वर खूण केली, क्षणभर थांबले, आणि पुढे वळणदार अक्षरात लिहिलं: मजला.

"आणि हिची हजेरी? हिचे एकोणीस?" त्यांनी ताईकडे बोट केलं.

"एकोणीस खोडा. चाचणी पुन्हा, एकटीनं, माझ्यासमोर," सर म्हणाले. "हजेरीचं असं. बारा दिवस ती पोर हिच्यासाठी उठली. आता बारा दिवस हिनं तिला उठवायचं, सातला बागेत पोचवायचं, आठला दोन जिने वर नेऊन बसवायचं, आणि मग एक जिना उतरून माझ्या पहिल्या बाकावर यायचं."

ताईच्या तोंडून अस्फुट कण्हणं बाहेर पडलं. साडेसहा ही वेळ सकाळीही येते हे तिनं फक्त ऐकलं होतं.

जाताना सर धाकटीपाशी थांबले. "वर तुझं बस्तान नीट बसू दे. तास नसेल तेव्हा उतरताना डोकावून जा. चष्मा कुठे आहे ते सांगणारं कुणीतरी लागतं."

संध्याकाळी धाकटीनं घरी फोन केला. ताई शेजारी बसली होती. गजर कसा लावतात ते शोधत होती.

"आई, माझा वर्ग बदलला."

मशीन थांबलं. "का गं? काही चुकलं का तुझं?"

"नाही. म्हणजे... आता वर बसायचं. दोन जिने चढून."

पलीकडे आई मोजत होती. खालचं दुकान, मग जिना, मग घर, मग आणखी एक जिना.

"म्हणजे तिसरा मजला," आई म्हणाली. "तीन आठवड्यांत तुला दुसऱ्यावरून तिसऱ्यावर घेतलं?"

धाकटीनं तोंड उघडलं. ताईनं गजराचं घड्याळ खाली ठेवलं आणि जोरजोरात मान हलवून खुणावलं.

"हो, आई," धाकटी म्हणाली.

"ऐकलंत का हो," आई दुकानातल्या कुणाला तरी सांगत होती. "आमच्या धाकटीची मजल बघा. दुसरा मजला संपला तिचा." मग मशीन पुन्हा सुरू झालं, आणि बराच वेळ न थांबता चालत राहिलं.