खलाटीच्या खांडीची आणि आडव्या बांधाची हकीकत

ज्याने समुद्रास वेळ नेमून दिली आणि माणसास दिली नाही, त्यास वंदन करून लिहितो. राज्यशक एकशे बारा, दुर्मुख नाम संवत्सर, या साली राज्य दुभंगले. ते कशाने दुभंगले, युद्ध कैसे जाहले आणि उभारणीस काय मोल पडले, ते घडले तैसे मांडले आहे. पाहिलेले पाहिले म्हणून लिहिले, ऐकलेले ऐकले म्हणून. या राज्याचे भाग दोन. वर घाटमाथा, तेथे बाजरी, मेंढरे आणि श्रीमंतांची गादी. खाली खलाटी, तेथे खाडी, भात आणि खोतांचा अंमल. खलाटीची जमीन समुद्रापासून हिरावलेली. अडीच कोसांचा मातीचा बांध खारे पाणी बाहेर ठेवी म्हणून आत भात पिके, आणि त्या बांधास रोज कोठे ना कोठे चिखल घालावा लागे, आणि तो चिखल गुलाम वाहत. गुलाम करण्याची रीत ऐसी, की विकत आणलेल्या माणसास खोताच्या दारात उभे करावे आणि घरधन्याने अथवा घरधनिणीने आपल्या हाताने चिखलाची भरली पाटी उचलून त्याच्या डोईवर ठेवावी. ज्याचा हात तो मालक, ज्याची डोई तो गुलाम. यास पाटी चढली म्हणत, आणि एकदा चढली की पोटच्या पोरांसही चढली. म्हणून मोकळा माणूस खांद्यावर ओझे घेई, पाठीवर घेई, पण चिखल डोईवर घेत नसे, आणि दुसऱ्याने हात लावून दिलेला तर मुळीच नव्हे.

घाटमाथ्यावरही पूर्वी गुलाम होते, हे तेथील लोक सांगत नाहीत म्हणून येथे लिहावे लागते. बाजरीस इतके हात लागत नाहीत, म्हणून त्यांनी आपले गुलाम हळूहळू खाली खलाटीस विकले, आणि विकून जाहल्यावर एका पिढीच्या आत माणूस विकणे हे पाप असल्याचे त्यांच्या ध्यानी आले. मग दक्षिणेचे तीन परगणे नव्याने जिंकले गेले आणि तेथे पाटीची रीत न्यावी की न न्यावी, हा वाद दरबारात आला. खलाटीचे सरखोत विसाजीराव उभे राहून बोलिले, “महाराजांच्या ताटात भात येतो तो धुऊन येतो. खाली येऊन एकदा बिनधुतलेला पाहावा, मग पापपुण्य ठरवावे.” दरबारी हसले. त्यावर घाटमाथ्याचे सुभेदार हैबतराव म्हणाले, की सरखोतांनी एक दिवस पाटी स्वतः घेऊन दाखवावी, म्हणजे श्रीमंत आजच निकाल देतील. तेव्हा कोणी हसले नाही. विसाजीरावांनी विडा न घेता पागोटे सावरले आणि दरबार सोडिला, आणि मार्गशीर्षात खलाटीने आपले निशाण निराळे केले, आणि पौषात घाटाच्या तोंडाशी पहिला बार उडाला.

युद्ध चार वर्षे चालले. घाटातल्या दोन गढ्यांत मामा एकीकडे आणि भाचा दुसरीकडे, ऐसी सोळा घरे या लिहिणाराने स्वतः मोजली. गुलाम पळून वर येऊ लागले. पहिल्या वर्षी घाटमाथ्याच्या फौजेने त्यांस पकडून, दुसऱ्याचा माल म्हणून परत पाठविले. दुसऱ्या वर्षी ठेवून घेतले आणि मोर्चाची माती वाहण्यास लाविले. तिसऱ्या वर्षी माणसे पुरेनात, तेव्हा हाती भाले दिले. त्यांत सरखोतांच्या घरचा गोम्या होता. तो घाटाच्या लढाईत दोनदा जखमी होऊन गोमाजी जुमलेदार जाहला, आणि शंभर असामी त्याच्या हुकमात आले. हैबतरावांनी त्यास विचारले, की खालच्या लोकांशी लढताना भय वाटते काय. गोमाजी म्हणाला, “साहेब, त्यांची लाथ ओळखीची आहे. तुमची अजून ओळखायची आहे.” राज्यशक एकशे सोळा, शार्वरी संवत्सर, यात विसाजीराव माघार घेताना गोळी लागून पडले. पडण्यापूर्वी त्यांनी वरची फौज अडविण्यास आपल्याच हुकमाने बांध फोडविला. ऐंशी हातांची खांड पडली, खारे पाणी आत शिरले आणि खलाटी हरली.

मग श्रीमंतांचा जाहीरनामा निघाला की सर्वांची पाटी उतरली, आणि पूर्वेकडील अर्धी जमीन सुटलेल्या लोकांस वाटून दिली. ते ऐकून माणसे बांधावर बसून रडली, हे पाहिलेले आहे. पुढे राज्य पुन्हा एक व्हावे म्हणून श्रीमंतांनी खोतांसही माफी दिली आणि पश्चिमेची अर्धी जमीन त्यांची त्यांस परत केली. बांध मात्र दोघांस मिळून एक, आणि खांड दोघांच्या मधोमध. गोमाजीची बहीण आवडी, वय चाळिसाच्या आत-बाहेर, हिला तीन खाचरे मिळाली, ती खांडीला लागून. तीस वर्षे तिने याच बांधास चिखल घातला होता आणि नवरा याच बांधाखाली दबून मेला होता. ज्येष्ठी अमावास्येच्या उधाणाआधी खांड बुजली तर पावसाने मीठ धुऊन जाईल आणि भात लागेल; न बुजली तर आणखी तीन वर्षे जमीन मेली, आणि सुटलेल्या लोकांस पोटासाठी पुन्हा खोतांच्या दारात उभे राहणे आले. हे आवडीस ठाऊक होते आणि खोतांसही ठाऊक होते.

आणि पाटी उचलण्यास कोणी मिळेना. खोत उचलीत ना, ते मोकळे. सुटलेले लोक उचलीत ना, आता तेही मोकळे. ओला चिखल खांद्यापाठीवर टिकत नाही, भरली पाटी एकट्याने डोईवर जात नाही, दुसऱ्याचा हात लागतो, आणि हात लावील तो मालक ठरेल, म्हणून भाऊ भावास हात लावीना. हैबतरावांनी गाडे आणविले. ते आसापर्यंत रुतले. गाढवे आणविली, ती पाणी पाहून फिरली. सुभेदार म्हणाले, की आता मी चिखलासच विनंतीअर्ज करतो, की बाबा आपल्या पायांनी जा. मग ते रागास येऊन वेठीचा हुकूम काढू लागले, तेव्हा गोमाजी आपले शंभर भाले घेऊन समोर उभा राहिला आणि हुकूम निघाला नाही. याप्रमाणे सतरा दिवस गेले, अमावास्येस तेरा उरले.

अठराव्या दिवशी सकाळी आवडी एकटीच सरखोतांच्या दारी गेली. विसाजीरावांच्या पत्नी उमाबाई पांढऱ्या वस्त्रात ओटीवर बसल्या होत्या. तेथे हजर असलेल्या पुजाऱ्याने पुढील बोलणे सांगितले, त्यात माझे काही नाही. आवडी म्हणाली, “बाईसाहेब, मी आठ वर्षांची होते. याच पायरीशी तुम्ही पाटी ठेवलीत. जड होती म्हणून मी वाकले, तर तुम्ही म्हणालात, मान ताठ ठेव, सवय होईल.”

उमाबाई म्हणाल्या, की तेव्हा आपणही लग्न होऊन आलेली पंधरा वर्षांची पोर होतो, सासूने सांगितले ते केले. आणि आता काय हवे ते बोल.

“आज तुम्ही माझ्या डोईवर ठेवा. लगेच मी तुमच्या डोईवर ठेवते. एकच पाटी, एकच खेप, चार माणसांदेखत. मग कोण कोणाची मालकीण हे कोणास सांगता येणार नाही, आणि सगळे एकमेकांस हात लावतील. तुमचेही शेत वाचेल.”

उमाबाईंनी पदर हाती घेतला, चुंबळ करावी तैसा दोनदा पिळला आणि सोडून दिला. मग म्हणाल्या, “शेत गेले तरी चालेल, आवडे. हे माझ्याने होणार नाही.” पुजारी सांगतो, की त्या रडत होत्या. आवडी रडली नाही. तिने नमस्कार केला नाही आणि ती निघाली.

बांधावर येऊन तिने आपल्या लोकांस सांगितले, की पाटी अर्धी भरा. अर्धी पाटी ज्याची त्यास उचलता येते, कोणाचा हात लागत नाही. आणि पहिली अर्धी पाटी तिने स्वतः उचलली. पण खांड बुजवावयाची तर एका ओहोटीत, भरल्या पाट्यांनी, नाहीतर पुढची भरती सगळे धुऊन नेते. अर्ध्या पाटीने ते होणे नव्हते. तेव्हा मागे सरून, उंचवट्याच्या कडेने, जेथे रोजच्या भरतीस पाणी घोट्याएवढेच चढे आणि घातलेली माती टिके, तेथून आडवा बांध घालावा ऐसे ठरले, म्हणजे पूर्वेची जमीन बहुतेक वाचते. दोरी धरून रेघ आवडीनेच आखली. गोमाजी मागे मागे चालत होता. तो म्हणाला, “आक्का, तुझी तिन्ही खाचरे बाहेर पडतात. रेघ थोडी पुढे घे.” ती म्हणाली, की पुढे चिखल पातळ आहे, बांध धरणार नाही. तो म्हणाला, “मग तुझ्याकडे काय उरले?” ती म्हणाली, “दोरीचे ते टोक धर, ढिले सोडू नकोस.”

बारा दिवसांत सहाशे माणसांनी अर्ध्या पाट्यांनी बांध छातीपर्यंत चढविला. अमावास्येस भर दुपारी उधाण आले. खांडीतून पाणी शिरले, आवडीची तीन खाचरे प्रथम बुडाली, मग पश्चिमेकडील खोतांची सारी जमीन, आणि आडव्या बांधाशी येऊन पाणी दोन घटका उभे राहिले. बांध दोन ठिकाणी पाझरला, फुटला नाही. पलीकडे आपल्या जमिनीच्या कडेला खोत उभे होते, अलीकडे हे. कोणी कोणास हाक मारिली नाही.

येणेप्रमाणे हकीकत. प्लव संवत्सरी पूर्वेस भात लागला, थोडा. पश्चिमेस अद्याप खारफुटी आहे. खोतांची कित्येक घरे देशोधडीस लागली, कित्येक राहिली आणि आडव्या बांधास शिव्या देतात. उमाबाई पाच वर्षांनी निवर्तल्या. आवडी भावाच्या जमिनीत राबली आणि आपली म्हणून तिला जमीन मिळाली नाही. तिच्या अर्जावर श्रीमंतांच्या दरबारी विचार चालू आहे. सुटलेल्या लोकांत हात लावून भरली पाटी देण्याची रीत पडली ती पुढच्या पिढीत, आणि ती आपसांतच. दरबारात राज्य एक जाहले म्हणून दर साली उत्सव होतो. ऐंशी हातांची ती खांड आज, हे लिहितेवेळी, एकशे चाळीस हात आहे.