आत परत कोण?

ओव्हाळ सर नवीन माणूस भेटला की नमस्कार करत नाहीत, नाव विचारत नाहीत, गाव तर नाहीच नाही. ते एकच विचारतात, "फुल फॉर्म?"

आमच्या परंड्यात हे ज्याला ठाऊक नाही, तो माणूस नुकताच कुर्डुवाडीच्या गाडीतून उतरलेला असणार. कंडक्टरला ते एस.टी.चा फुल फॉर्म विचारतात. छातीला वायरी लावणाऱ्या नर्सबाईंना त्यांनी झोपल्या झोपल्या ई.सी.जी.चा विचारला होता. लग्नाला गेले की नवरदेवाच्या कंपनीचा विचारतात. स्वतःसाठी मुलगी बघायला गेले, तेव्हा पोह्यांची बशी हातात धरून मुलीच्या वडिलांना ते ज्या खात्यात नोकरीला होते त्या खात्याचाच विचारला. वडिलांना तो आला नाही. ते लग्न जमलं नाही, पुढं दुसरंही कुठं जमलं नाही, आणि आज सर पंचावन्नचे आहेत.

स्टँडमागं त्यांचा कॉम्प्युटर क्लास आहे आणि त्याला लागून माझं झेरॉक्सचं दुकान. मधली भिंत इतकी पातळ, की त्यांचा सगळा कोर्स मी फी न भरता चार-पाच वेळा पुरा केलाय.

खरं तर साध्या फुल फॉर्मात सरांना गोडी नाही. "त्यात काय दम न्हाय, दत्ताभाऊ. उघडलं की संपलं." त्यांचा जीव आहे तो वेगळ्याच जातीच्या फुल फॉर्मवर, ज्याच्या पोटात ते नाव स्वतःच पुन्हा बसलेलं असतं. कॉम्प्युटरवाल्या लोकांची ही जुनी खोड आहे म्हणे. सर ती अशी सांगतात: "समजा, युनिक्स ही कॉम्प्युटरची सिस्टीम म्हंजी एक मोठा वाडा हाय. दाराला कुलूप. काही लोकांनी ठरवलं, आपण तसंच घर बांधू, पण सगळ्यांला उघडं. नाव ठेवलं ग्नू, अक्षरं जी, एन, यू. आता फुल फॉर्म काय? तर, ग्नू इज नॉट युनिक्स. ग्नू म्हंजी, ग्नू युनिक्स न्हाय."

"अहो, ग्नू म्हणजे काय विचारलं तर परत ग्नूच?" मी म्हणालो.

"हां. आत बघा. आत परत कोण? ग्नूच. मग त्याला उघडा."

"ग्नू युनिक्स न्हाय, युनिक्स न्हाय."

"अजून उघडा."

माझ्या दुकानात गिऱ्हाईक आधार कार्ड घेऊन ताटकळलेलं असतं आणि मी इथं ग्नू उघडत बसायचं. मी तडकतो. सर डोळे मिटून, खांदे हलवत हसतात, आवाज मात्र येत नाही.

मग त्यांनी हे मराठीत आणलं. त्यांच्या गाईचं नाव गंगा. फुल फॉर्म, गं म्हणजे गंगा आणि गा म्हणजे गाभण, 'गंगा गाभण'. गाय व्याली तेव्हा आनंद व्हायचा सोडून हे दोन दिवस काळजीत, की आता फुल फॉर्म खोटा ठरला. शेवटी 'गंगा गावठी' वर मिटलं. मलाही सोडलं नाही. "दत्ता म्हंजी दत्ता तापट. आत परत कोण? दत्ता. म्हंजी दत्ता तापट तापट." मी आठ दिवस त्यांच्याशी बोललो नाही, त्यामुळं गावाला तो फुल फॉर्म पटला.

अशा माणसाच्या हातून कुणाचं नुकसान होईल असं कधी वाटलं नव्हतं. पण झालं.

अर्चना नावाची एक पोरगी सरांच्या क्लासला यायची. परंड्याजवळच्याच एका वस्तीवर राहणारी, घरी ती आणि आई, आई लोकांच्या रानात कामाला जाते. पोरगी हुशार, आणि आत परत कोण म्हटलं की सगळ्यांच्या आधी हिचं उत्तर. एका संस्थेत ऑपरेटरची एकच जागा निघाली. अर्चनानं परीक्षा दिली. पेपरात एक प्रश्न होता, पीएचपीचा फुल फॉर्म काय. ही वेबसाईट बनवायची भाषा. तिचं नाव सुरुवातीला 'पर्सनल होम पेज' यावरून पडलं, पण पुढं बनवणाऱ्यांनीच ते बदलून 'पीएचपी हायपरटेक्स्ट प्रीप्रोसेसर' केलं, म्हणजे तीच पोटात नाव ठेवण्याची गंमत. पर्याय दोन्ही होते. अर्चनानं सरांनी शिकवलेल्यावर खूण केली. संस्थेच्या उत्तरतालिकेत जुनं बरोबर धरलं होतं. जागा एका गुणानं गेली.

सरांनी रान उठवलं. कागदांच्या झेरॉक्स मी काढल्या, फाईल केली आणि दोघं धाराशिवला संस्थेच्या ऑफिसात गेलो. तिथला साहेब भला माणूस होता, त्यानं सगळं वाचलं. "तुमचं बरोबर असेल हो, पण आमच्या पुस्तकात हेच आहे. यादी लागली आता." साहेबांच्या टेबलावर संस्थेची पितळी पाटी होती, नुसती इंग्रजी चार अक्षरं. सरांनी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. तेव्हा मात्र मला भीती वाटली.

येताना गाडीत बराच वेळ सर खिडकीकडं तोंड करून बसले होते. मीच विचारलं, "सर, हे फुल फॉर्मचं वेड तुम्हाला लागलं कुठनं?"

"पुण्यात," सर म्हणाले. "नोकरीला नवा होतो. ज्यो भेटंल त्यो विचारायचा, पूर्ण नाव काय? म्या सांगायचो. आडनाव ऐकलं की पुढचा 'बरं' म्हणायचा आन् बोलणं तिथंच थांबायचं. उघडलं की संपलं. डब्याला कुणी हाक मारायचं न्हाय. एका दुपारी सगळे जेवाय गेलेले, म्या मशीनपाशी एकटा. एका प्रोग्रॅमच्या माहितीत ही ग्नूची गोष्ट वाचली आन् मोठ्यानं हसलो. वाटलं, कुठल्या लांबच्या मुलखातनं कुणीतरी माझी चेष्टा केली. चेष्टा माणूस आपल्याच माणसाची करतो का न्हाय?"

वीस वर्षं शेजारी बसून मी या माणसावर नुसता तडकत आलो होतो, त्याची मला लाज वाटली. सर कुणाला नाव का विचारत नाहीत, ते मला त्या गाडीत कळलं.

"त्या पोरीला म्या पेपरातलं उत्तर शिकवाय पायजे होतं," सर म्हणाले. "माझी हौस तिच्या गळ्यात घातली."

त्यानंतर पंधरा दिवस भिंतीपलीकडून फुल फॉर्म ऐकू आला नाही. सर खाली मान घालून शिकवायचे. मला दुकानात करमेना. शेवटी सोमवारी मीच क्लासला कुलूप लावलं आणि सरांना जीपमध्ये घालून अर्चनाच्या वस्तीवर नेलं.

अर्चना दारात शेंगा फोडत होती. तिच्या आईनं घोंगडं टाकलं आणि चहा ठेवला. सर टेकले नाहीत. उभ्या उभ्याच म्हणाले, "अर्चना, माझी चूक झाली बाळ. गाईडात काय हाय ते म्या तुला सांगितलं न्हाय."

"गाईड म्या वाचलं होतं की, सर," अर्चना म्हणाली.

"मग?" सरांनी विचारलं.

"दोन्ही उत्तरं ठावं होती. पण हॉलमधी वळखीचं कुणी न्हवतं. छातीत लई धडधडत होतं. त्यो प्रश्न आला आन् मला हसूच आलं. तुमी फुडं उभं ऱ्हाऊन 'आत परत कोण' म्हनताय असं वाटलं. धडधड थांबली. मग दुसऱ्या उत्तरावर खूण कराय हातच होईना." तिनं दोन शेंगा फोडल्या. "फुडच्या म्हयन्यात दुसरी जागा हाय, फॉर्म भरलाय. तवा गाईडातलं लिवते. आता हसून झालंय माझं."

तिच्या आईला यातलं काही कळलं नसावं. तिनं चहाची कपबशी पुढं केली. "घ्या सर, निवतोय."

सर खाली बसले. चष्मा काढून बराच वेळ शर्टाच्या टोकानं पुसत राहिले आणि मग चहा प्याले. निघताना आईनं मूठभर शेंगा त्यांच्या पिशवीत घातल्या आणि जेवायलाच या एकदा म्हणाली. सरांनी मान हलवली.

परतीच्या जीपमध्ये आम्ही मागं, गुडघ्याला गुडघे लावून बसलो होतो. गावच्या किल्ल्याचा बुरूज दिसायला लागला तरी सर पिशवीतल्या शेंगाच चाचपत होते. मला राहवलं नाही. मी म्हणालो, "सर, माझा फुल फॉर्म?"

सरांनी माझ्याकडं बघितलं. "दत्ता तापट," ते हळूच म्हणाले.

"आत परत कोण?"

"दत्ता."

"मग उघडू का त्याला?"

"उघडा की."

"दत्ता तापट तापट," मी म्हणालो. "दत्ता तापट तापट तापट." समोरची बाई लेकराला जवळ ओढून माझ्याकडं बघत होती. एरवी मी तिच्यावर तडकलो असतो. पण शेजारी सरांचे खांदे हलायला लागले होते, म्हणून मी परंड्याचा स्टँड येईपर्यंत उघडत राहिलो.